स्वतःच्या हातचा चहा

खुब्याचं ऑपरेशन होऊन शकुताई हॉस्पिटलमधून भांडुपच्या घरी आल्या, त्याला दीड महिना झाला. फिजिओथेरपीच्या मॅडम रोज येऊन त्यांना वॉकर धरून चालवत, आणि मॅडमची पाठ वळली की मुलगा विशाल त्यांना उचलून पुन्हा पलंगावर ठेवी. "आम्ही आहोत ना आई, तू कशाला त्रास घेतेस?" शकुताईंना मात्र एकच ध्यास होता, स्वतःच्या हातचा चहा प्यायचा.

रविवारी विशाल आणि सून चेतना भाजी घेऊन घरात शिरले, तर शकुताई ओट्याशी उभ्या राहून तिघांचा चहा गाळत होत्या. "आई, पडला असतात म्हणजे?" म्हणत चेतनाने त्यांच्या हातातली गाळणी काढून घेतली. विशालने तिथूनच फोन लावला.



"मॅडम, उद्यापासून येऊ नका. तुमच्यामुळे आई चालायला लागलीय."