मुद्दा पहिल्या वाक्यात

जावातल्या सोलो शहरातल्या कॉलेजात सार्दोनो सर परिच्छेद-लेखन शिकवत. “मुद्दा पहिल्याच वाक्यात हवा, मागोमाग कारणं. पाल्हाळ नको.”

त्यांच्या वर्गातल्या गालिहने ते इतकं मनावर घेतलं, की सरांच्या घरी चहा यायच्या आधीच तो म्हणाला, “सर, मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय. कारणं तीन.”

सरांचा चेहरा उतरला. “घरी कुणी बोलायला शिकवलं नाही का रे तुला?”

तेवढ्यात शेजारचा विस्नू आला. तासभर तो सरांच्या पिंजऱ्यातल्या होल्याचं कौतुक करत बसला. “असं गोड पाखरू आपल्याही घरी हवं, असं आई सारखी म्हणते,” एवढं बोलून उठला.

त्याला फाटकापर्यंत पोचवून आलेले सर गालिहला म्हणाले, “मागणी अशी घालतात. बघ, किती मुद्देसूद बोलला.”