खोडलेलं वाक्य

सरकारी साहेबांनी तिच्या संशोधनाच्या अहवालातलं एकच वाक्य खोडलं. रसायनतज्ज्ञ हसतच घरी आली. "छापू नका म्हणाले, बोलू नका थोडंच म्हणाले!" असं नवऱ्याला सांगून तिने धाकट्या बहिणीला फोन लावला, कारण ते वाक्य बहिणीच्याच वस्तीतल्या पाण्याबद्दल होतं.

ख्यालीखुशाली झाली, थट्टामस्करी झाली. मग तिने ते वाक्य सांगितलं.

"ताई, आवाज गेला गं मध्येच."

तिने पुन्हा सांगितलं. मग चक्क ओरडली.

शेजारी बसलेल्या नवऱ्याला हसू फुटलं. "अगं, नुसते ओठ काय हलवतेस?"

तिने गळ्यावर हात ठेवून ते वाक्य परत म्हटलं. गळा थरथरला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

"ताई, थांब हं," बहीण म्हणाली, "पोरं खेळून आलीत, पाणी देते."

नळ सोडल्याचा आवाज मात्र अगदी स्वच्छ आला.