खडूची फुली

“तुझं ते खेळणं घे आणि खुणेवर उभी राहा,” मास्तर म्हणाले.

खेळणं म्हणजे फोन. खूण म्हणजे मास्तरांच्या फोटो स्टुडिओच्या फरशीवर खडूनं काढलेली फुली. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, फुलीवर उभ्या राहिल्या, फोन वर धरला आणि स्टुलावर बसलेल्या बाईंना म्हणाल्या, “इकडे बघा हं, माझ्याकडे.”

तिकडे भिंतीजवळच्या स्टँडवर मास्तरांच्या कॅमेऱ्याचा खटका वाजला. झालं. बाई संध्याकाळी फोटो न्यायला येते म्हणून निघून गेल्या.

“फोनवर गमतीचं चित्र लावलं की माणसं कशी मोकळी होतात,” असं काकू सगळ्यांना सांगत. गेलं वर्षभर सांगत होत्या आणि ते धादांत खोटं होतं.

मास्तरांचा फोनवर भारी राग. “बोट लावलं की झाला फोटो? मग पाणी तापवणाऱ्यालाही आचारी म्हणा! फोनवाल्याला फोटोग्राफर म्हणेन त्या दिवशी दुकानाला कुलूप घालेन.” हे ऐकून ऐकून गिऱ्हाइकांचेही कान किटले होते. मास्तरांनीच सुरू केलेल्या फोटो क्लबात त्यांनीच नियम केला होता: स्पर्धेत मोबाइलचे फोटो बाद. पहिला नंबर येईल त्यानं मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर दाखवायचा.

कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर घेणं आणि छापणं हे काकूंचं काम. मागच्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी कार्ड उघडलं तर एकाही चेहऱ्याला नाकडोळे धड नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. फोकस हातानंच जुळवायचा हा मास्तरांचा हट्ट, आणि त्यांचे डोळे तर दगा देत होते. मास्तर बोलले नाहीत. काकूंनी विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठं गप्प बसायचं एवढं दोघांना बरोबर कळत होतं.

तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या हातात पडत होते ते काकूंच्या फोनमधले फोटो. मास्तर छापलेला फोटो नाकाशी धरून म्हणत, “बघ, याला म्हणतात कॅमेरा!” काकू “हो ना” म्हणत आणि आत जाऊन डोळे पुसत. कार्ड उघडून बघायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. उगाच जिवाला त्रास.

फुली आली ती त्यानंतर महिन्याभरानं. मास्तरांनी टेप लावून अंतर मोजलं, खडूनं फुली मारली. “गिऱ्हाइकावर तुझी सावली पडते. इथंच उभं राहायचं. पाऊलभर पुढं नाही, मागं नाही.” स्वतःचा स्टँड त्यांनी त्याआधीच बाजूच्या भिंतीकडे सरकवला होता. कॅमेऱ्याला लग्नातल्या ग्रुपफोटोची रुंद लेन्स लावली ती पुन्हा काढलीच नाही. हाताला लागेल ती लावतात बिचारे, दिसतंय कुठं, असं काकूंनी मनाशी म्हटलं.

आणि आज क्लबचा सेक्रेटरी लॅपटॉप काखेत मारून, पेढे मिळाल्यासारखा हसत आला.

“मास्तर, पहिला नंबर! पोस्टमनकाका कवळी दाखवून हसतायत तो फोटो. तिन्ही परीक्षकांचं एकमत. रविवारी सत्कार.”

काकूंना तो दिवस आठवला. निवृत्त पोस्टमन नवी कवळी बसवून पासपोर्टचा फोटो काढायला आले होते, आणि गंभीर व्हा म्हटलं की जास्तच हसत होते. तो फोटो काकूंनी टिपला होता, फोनवर. स्पर्धेसाठी मास्तरांनी स्वतः बाजारात जाऊन प्रिंट काढली, पाकीट बंद केलं, तेव्हा कॉम्प्युटरवरचा हाच फोटो नेला असणार असं वाटूनही काकूंना बोलायची छाती झाली नव्हती.

“आता कार्ड तेवढं दाखवा. नियम तुमचाच,” सेक्रेटरी म्हणाला.

“कार्ड बिघडलंय,” काकू पटकन म्हणाल्या.

“काय बिघडलंय? ठणठणीत आहे. थांब, काढून देतो,” म्हणत मास्तर कॅमेऱ्याकडे वळले.

काकूंनी सेक्रेटरीला दंडाला धरून दाराशी नेलं. “अरे, हात जोडते तुला. त्या कार्डात काही नाही. तो फोटो मी काढलाय, फोनवर. काय शिक्षा करायची ती मला कर. बक्षीस दुसऱ्याला द्या. पण यांना चारचौघांत खाली बघायला लावू नका. मोडून जातील रे ते.”

सेक्रेटरी हसला. “काकू, काहीतरीच काय? तो तुम्ही कसा काढाल?”

तेवढ्यात मास्तरांनी कार्ड त्याच्या हातावर ठेवलंसुद्धा. सेक्रेटरीनं ते लॅपटॉपमध्ये घातलं. काकू खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

फोटो उघडला. उजव्या कडेला स्टुलावर पोस्टमन, कवळी दाखवत हसणारे. आणि मधोमध, फुलीवर, काकू. दोन्ही हातांत फोन, मान जरा कललेली, खालचा ओठ दातांत धरलेला. कपाळावर आलेल्या बटेतला एकेक पांढरा केस लख्ख दिसत होता.

सेक्रेटरी पुढचे फोटो सरकवत गेला. कधी शाळकरी पोरगी, कधी वकील, कधी जुळी बाळं. कडेची माणसं बदलत होती. मधे टेपनं मोजलेल्या फुलीवर काकूच, आणि एकाही फोटोत त्या पुसट नव्हत्या.

“स्पर्धेच्या फॉर्मवर फोटोचं नाव लिहिलंय ते वाचून दाखव हिला,” मास्तर लेन्स पुसत म्हणाले. “हिचा चष्मा आत राहिलाय.”

सेक्रेटरीनं खिशातला फॉर्म उलगडला आणि मोठ्यानं वाचलं, “फोटोग्राफर.”