पकड

हिमालयात बर्फाखाली गाडल्या गेलेल्या सौरवला जवानांनी जिवंत बाहेर काढले, तेव्हा इंदुताईंनी साऱ्या आळीत पेढे वाटले. मात्र गारठलेल्या बोटांना पुन्हा जाणीव आली तरच ती वाचतील, असे नागपूरच्या डॉक्टरांनी बजावले होते.

पट्ट्या सुटल्या त्या सकाळी धाकटे दीर देवराव समाचाराला आले. "आता तरी डोंगराचा नाद सोड गा," ते सौरवला म्हणाले.

इंदुताईंनी पदरात धरून आणलेला उकळत्या चहाचा स्टीलचा पेला सौरवने उघड्या हातांनी घट्ट धरला.

"पाहा भाऊजी, काय पकड हाये! माझा पोरगा पुन्हा चढीन," त्यांनी ठणकावले.

 

खिडकीबाहेर पाहत सौरव म्हणाला, "माय, थंडा चहा काहून दिला वं?"