दोन्ही हात

"दोन्ही," फुलाबाई म्हणाली. "एक नको, देवा. ज्यानं ती जाळी काढली, त्याचे दोन्ही हात झडू दे."

पहाटेचे साडेपाच वाजले होते. सातपूरच्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली होती. ती मागत नव्हती, भांडत होती. सहा महिन्यांत तिनं एकही पहाट चुकवली नव्हती, आणि मागणं एका शब्दानंही बदललं नव्हतं.

पेठकडच्या गावात होती तेव्हा तिला एकटीनं प्रार्थना जमायची नाही. रविवारी चर्चच्या मंडळीत सगळ्यांबरोबर डोळे मिटायचे, की हमखास डुलकी लागायची. मग तिच्या मुलाचा, धनराजचा, उजवा हात कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली आला. तीन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून त्या मशीनला पुढून लोखंडी जाळी असते. त्या दिवशी ती नव्हती. दवाखान्यात फुलाबाईनं एकच विचारलं, "जाळी कोणी काढली?" धनराज म्हणाला, "शेखर साहेबांनी." शेखर म्हणजे त्याचा सुपरवायझर. तेव्हापासून फुलाबाईला गजर लागला नाही. राग तिला वेळेवर उठवायचा.

मंडळीतल्या मंगलाबाईंनी तिला रीत शिकवली होती. रोज एकच वेळ, एकच जागा, आणि मनात असेल तेच बोलायचं. फुलाबाईच्या मनात काय आहे ते ऐकल्यावर मात्र त्या हादरल्या. "नाव घेऊन तरी कोणाचं वाईट मागू नका हो, बाई." तेवढं फुलाबाईनं ऐकलं. नाव गाळलं. बाकीचं सगळं तसंच ठेवलं.

"सहा महिने सांगते तुला," आज तिचा आवाज चढला. "तो मोटरसायकल उडवत फिरतोय. आज अकराला कारखान्यात चौकशी हाय. तिथं पण येईल, दोन्ही हात हालवत. तुला दिसत नाय का? का तू पण कंपनीचाच माणूस? आमेन."

खोल्यांच्या मधे चादरीचा पडदा होता. त्याच्या पलीकडून रोज धनराजचं 'आमेन' यायचं. लहानपणी मार खाऊनसुद्धा प्रार्थनेला न बसलेला मुलगा तीन महिन्यांपूर्वी आपणहून आमेन म्हणायला लागला होता. फुलाबाईनं मंडळीत उभं राहून ते सांगितलं होतं. तिच्या प्रार्थनेला आलेलं ते एकच फळ होतं.

आज पडद्यामागून काही आलं नाही.

"आमेन!" ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं.

काही नाही.

तिनं उठून चादर बाजूला ओढली. धनराज खाटेवर बसला होता. पँट चढवलेली, शर्ट अंगात, पुढून उघडा.

"जागा हायेस ना? मग आमेन म्हण."

"आज नाय म्हणवत."

"आज नाय तर कधी? आज तुझा जबाब हाय. आज तर दोनदा म्हणायला पायजे."

"आये, तू मागतेस ते कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? त्या शेखरसाठी!"

"नाव तर घेत नायस."

"नाव कशाला लागतं? देवाला म्हाईत हाय जाळी कोणी काढली ते."

"व्हय," धनराज म्हणाला. "त्याला म्हाईत हाय."

बाहेर पहिल्या पाळीची बस थांबली आणि निघून गेली. फुलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"जाळी मीच काढली, आये. ती मधे मधे यायची, काम हळू व्हायचं. शेखर साहेब दोनदा ओरडले, लाव ती परत म्हणून. मी हो म्हटलं आणि नाय लावली. दवाखान्यात तू विचारलंस, तेव्हा तोंडाला येईल ते नाव सांगितलं. आता त्यांची नोकरी जाणार हाय. आज जबाबात खरं सांगणार मी."

"सहा महिने!" फुलाबाई किंचाळली. "सहा महिने तू पडद्याआड पडून ऐकत होतास? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो."

"आणि वर आमेन? आमेन कशाला म्हणत होतास रे, मेल्या?"



"तू बरोबर मागत होतीस, असं वाटायचं," तो म्हणाला.

तिनं हात उगारला. धनराज हलला नाही. त्यानं मान खाली घातली आणि शर्टाची बटणं लावायला घेतली. उजव्या हाताला ते आता जमत नव्हतं. तो डाव्या हातानं एकेक बटण भोकाशी आणत होता, अंगठ्यानं आत ढकलत होता. फुलाबाईचा उगारलेला हात तसाच राहिला. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. पाच बोटं होती. पाचही चालत होती.

ती गर्रकन वळली आणि भिंतीसमोर धपकन गुडघ्यांवर पडली.

"एक दिवस नाय ऐकलंस माझं," ती देवावर ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचा आवाज फाटला. "सहा महिन्यांत एक दिवस नाय! बरं केलंस."