उभ्यानं

"उठा काका. ही पण न्यायचीय."

हम्मादींनी वर पाहिलं, पण ते खुर्चीवरून उठले नाहीत. मांडीवरच्या रिकाम्या वाडग्यात ते शिळा पाव मोडत होते. पाव मोडून झाला की खाणावळवाली मनूबिया त्यावर चण्यांचा उकळता रस्सा ओतणार होती. रोज सकाळी असंच चालायचं.

"काका, ऐकताय ना?" रम्झी म्हणाला. तो सरकारी निरीक्षक होता. वय पंचविशीचं, मास्क हनुवटीवर ओढलेला.

बाहेर बाब सुएका पेठेच्या चढावर टेम्पो उभा होता. मनूबियाच्या अकरा खुर्च्या आणि चारही टेबलं त्यात चढली होती. चार दिवसांपूर्वी हुकूम निघाला होता. साथ आटोक्यात येईपर्यंत खाणावळीत कुणी बसायचं नाही, उभ्यानं खा नाहीतर बांधून न्या. मनूबियानं खुर्च्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. रचलेल्या का होईना, आहेत ना, असं म्हणून रम्झीनं त्या उचलायला लावल्या. तिला दोनदा ताकीद मिळालेली. तिसऱ्यांदा दाराला सील लागलं असतं. पाय मोडू नयेत म्हणून टेबलं तिनं स्वतःच हमालांच्या हातात दिली होती.

राहिली होती ती हम्मादींच्या बुडाखालची खुर्ची.

"त्यांना असू दे रे," ती काउंटरमागून म्हणाली. "गोदीत गोण्या वाहून कंबर गेलीय त्यांची. जेवतील आणि जातील. इथं आहेच कोण दुसरं?"

"मावशी, नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा? आज ज्या बसनं मी आले, तिच्यात तीन माणसं माझ्या अंगावर रेलून खोकत होती. ती बस उचललीस का टेम्पोत?"

पाव बांधून न्यायला आलेला एक गवंडी हसला. रम्झीचे कान लाल झाले. तो पुढं झाला, हम्मादींच्या काखेत हात घातला आणि पोराला उभं करावं तसं त्यांना उभं केलं. दुसऱ्या हातानं खुर्ची मागं ओढली. जोर फारसा लावला नव्हता. पण मांडीवरचा वाडगा घसरला, फुटला, आणि मोडलेला पाव फरशीभर पसरला.

गवंड्याचं हसू थांबलं.

हम्मादी काठीवर भार देऊन खाली वाकायला गेले, वाकता येईना. मनूबिया काउंटरला वळसा घालून बाहेर आली. ती गुडघ्यांवर बसली, एकेक तुकडा वेचला, अन्नाची माफी मागितल्यासारखा ओठांना लावला आणि वेचलेले सगळे खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवले. तोवर हमालानं खुर्ची टेम्पोत टाकलीसुद्धा.

मग ती पातेल्याशी गेली. नवा वाडगा घेतला, पाव स्वतः मोडला, कडकडीत रस्सा काठोकाठ ओतला. जिरं, तिखट, तेल. त्यावर अंडं फोडलं. वाडगा घेऊन ती सरळ रम्झीसमोर आली.

"धर."

"हे काय? मी ड्यूटीवर आहे."

"मग कर की ड्यूटी. यांचा एक हात काठीला, एक चमच्याला. वाडगा ठेवू कुठं? टेबल तू नेलंस."

"मावशी, मी दार बंद करून टाकीन. महिनाभर."

"कर! आत्ता कर!" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला, इतका की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन दारात आला. "माझं दार बंद कर, माझा विस्तव विझव, मला जेलात टाक. पण तू उभं केलंस ना त्यांना? मग त्यांचं जेवण होईपर्यंत तू हलायचं नाहीस. कॉलेजात होतास तेव्हा याच भिंतीशी बसून जेवायचास. कधी उठ म्हटलं तुला?"

रम्झीनं वाडगा घेतला. का घेतला, ते त्यालाही कळलं नसावं. कदाचित ती सोडून देईल आणि तोही फुटेल, याची भीती वाटली असेल.

वाडगा भाजत होता. त्यानं बोटं बदलली, मग बाह्या ओढून तळव्यांखाली घेतल्या. हम्मादींनी चमचा बुडवला, फुंकर घातली, घास तोंडात घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. ते रम्झीकडं बघतही नव्हते.

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. "साहेब, अजून सात दुकानं आहेत!"

"जा तू पुढं," रम्झी मान न वळवता म्हणाला. त्याला वळता येत नव्हतं. रस्सा सांडला असता.

टेम्पो खडखडत चढावरून गेला. गवंड्याचा पाव घेऊन झाला तरी तो गेला नाही. न्हावीही दारातच होता. चमचा वाडग्याच्या काठावर वाजत होता, आधी अधूनमधून, मग दर घासाला. हम्मादींचा हात कापत होता. थोड्या वेळानं काठी कापू लागली, मग गुडघे. कपाळावर घाम आला. तरी ते थांबले नाहीत. घास घेतला, चावला, गिळला, परत चमचा बुडवला. अर्धा वाडगा अजून शिल्लक होता.

रम्झीनं आधी त्यांच्या गुडघ्यांकडं पाहिलं, मग मनूबियाकडं. ती हाताची घडी घालून उभी होती.

"काका," तो हळूच म्हणाला, "जरा बसा ना."

हम्मादींनी तोंडातला घास संपवला.

"कशावर?"