टॅपेटचा आवाज

नवा कॅमशाफ्ट बसवल्यापासून रेस सोडली की स्वराजची बाईक बंद पडायची. यवतला भिमाजी आबांच्या गॅरेजात तो तिसऱ्यांदा आला, तो तणतणतच. "आज झाली न्हाई तर सणसवाडीच्या गॅरेजात नेतो."

आबांच्या लेकीनं, अनुपमानं रेस धरली. भिमाजी आबांनी इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"टॅपेट वाजतंय. अजून टाइट कर."

"आबा, दर खेपेला टाइटच करतीय मी. टॅपेटात फटच उरली न्हाई, म्हणून तर गाडी बंद पडतीय."

"चाळीस वर्षं इंजिन ऐकतोय मी. तू मला शिकवती व्हय?"

अनुपमानं रेस सोडली. इंजिन अडखळलं, बंद पडलं. गॅरेजात चिडीचूप झालं.

आबांनी डोळे मिटूनच बोट वर केलं.

"हे बघ. अजून वाजतंय."